सरकत्या दगडांचा धडा

कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीत रेसट्रॅक नावाचा कोरडा सरोवरतळ आहे. तेथे शेकडो किलो वजनाचे धोंडेही, कोणी हात न लावता, सरकतात आणि मागे लांब रेघा सोडतात. याला चमत्कार म्हणून हात जोडणे सोपे होते. रिकामटेकडा विषय म्हणून हसणे त्याहून सोपे. काही संशोधकांनी मात्र २०११ मध्ये स्थानमापक यंत्रे बसविलेले १५ दगड तेथे ठेवले आणि वाट पाहिली. डिसेंबर २०१३ मध्ये कोडे सुटले. उथळ पाण्यावर गोठलेले बर्फाचे पातळ पापुद्रे उन्हाने तडकले, मंद वाऱ्याने वाहू लागले आणि त्यांनी दगड ढकलले.

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न आपल्याकडे फार लवकर विचारला जातो. परंतु उपयोगाआधी कारण शोधण्याची सवय ज्या समाजाला नसते, त्याला चमत्कार विकणे सोपे जाते.