बापाचें शिक्षण

घर विकत घेतांना आमचा व्यापारी गृहस्थ तीस वर्षांचा मालकीहक्क तपासून घेतो. भागीदारी करावयाची तर वकिलाच्या घरीं दहा हेलपाटे घालतो. पण तोच गृहस्थ बाप व्हावयाचा असतो, तेव्हां त्याची सारी तयारी पेढे आणि पाळणा एवढ्यावर संपते! मूल कसें वाढतें, त्यास काय कळतें, याचा तो एक दिवसही अभ्यास करीत नाहीं. विचारिलें असतां 'तें बायकांचें काम' असें सांगून मोकळा होतो. अपराध बापाच्या अज्ञानाचा, आणि दंड भरावयाचा निरपराध बालकानें, असा हा न्याय आहे.

आमच्याच धंद्यांतील एका बापाची गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. गिजुभाई बधेका हे काठेवाडांत वकिली करीत. १९१३ सालीं त्यांस पुत्र झाला, व या मुलास कसें वाढवावें हा प्रश्न त्यांस पडला. उत्तर शोधतां शोधतां ते माँटेसरीबाईंच्या विचारांपर्यंत पोंचले; १९१६ सालीं भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत गेले, आणि १९२० सालीं तेथें त्यांनीं बालमंदिर उघडलें. तेथेंच त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनीं पुढें तें बीज बोर्डी व कोसबाड येथें आदिवासी मुलांत पेरलें. प्रत्येक बापानें धंदा सोडावा असें आमचें म्हणणें नाहीं. पण तो प्रश्न तरी प्रत्येकास पडावा!

हें ज्ञान गूढ नाहीं. नवजात बालकास सुमारें वीतभर अंतरावरचा चेहराच काय तो बरा दिसतो. म्हणून त्याशीं बोलावयाचें तें जवळ घेऊन. दीड-दोन महिन्यांचें मूल माणूस ओळखून हसूं लागतें. आठ-नऊ महिन्यांचें मूल परक्यास पाहून रडतें, तें हट्टी झालें म्हणून नव्हे, तर आपलें कोण व परकें कोण हें त्यास कळूं लागलें म्हणून. पहिल्या महिन्यांत रडतें मूल उचलल्यानें तें लाडावतें, ही समजूत खोटी आहे. रडणें हाच त्याचा एकमेव अर्ज. तो न वाचतां फेटाळणें हें न्यायाचें काम नव्हे.

यावर कोणी म्हणेल, 'आमच्या आजीनें कोठें पुस्तकें वाचलीं होतीं? तिनें दहा मुलें वाढविलींच ना?' वाढविलीं खरीं. पण हातचीं गेलीं किती, याचा हिशेब कोणीं ठेविला? आजीची मांडी व अंगाई अवश्य घ्यावी. परंतु पहिल्या दिवसांचा चीक टाकून देणें, मध चाटविणें, डोळ्यांत काजळ भरणें हें सोडलेंच पाहिजे. वर्षाच्या आंतील मुलास मधापासून बोटुलिझम नांवाचा घातक विकार होऊं शकतो. आणि पहिले सहा महिने आईच्या दुधावांचून त्यास पाणीही नको, असें वैद्यकशास्त्र सांगतें. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गडचिरोलीच्या खेड्यांतील स्त्रियांस नवजात बालकाची शुश्रूषा शिकविली, तेव्हां तेथील अशा बालकांचे मृत्यु तिसऱ्या वर्षीं तुलनेच्या गांवांपेक्षां ६२ टक्क्यांनीं घटले. हा वृत्तांत १९९९ सालीं 'लॅन्सेट' पत्रांत प्रसिद्ध झाला. खेड्यांतील अल्पशिक्षित स्त्री जें शिकली, तें शहरांतील पदवीधर बापास शिकतां येऊं नये काय?

कायद्यानें मातेचा विचार केला. २०१७ सालच्या दुरुस्तीनें तिची रजा २६ आठवड्यांची झाली. केंद्र सरकारच्या पुरुष नोकरास १५ दिवस मिळतात. खाजगी नोकरींतील बापास मात्र असा कायदेशीर हक्क नाहीं. तो मिळविण्यासाठीं भांडलेंच पाहिजे. परंतु दुकानदार तर स्वतःचा धनी! त्यानें रजेचा अर्ज कोणापुढें करावयाचा आहे? त्यानें दुकान तासभर आधीं बंद करावें, आणि अंगणवाडींत मिळणारें माता व बाल संरक्षण कार्ड कपाटांतून काढून स्वतः वाचावें. कोणत्या महिन्यांत मुलानें काय करावें व वजन किती भरावें, हें त्यांत चित्रांसह दिलें आहे.

दुकानाची वही रोज लिहिणाऱ्यानें ही वही महिन्यांतून एकदां तरी उघडूं नये, हें शोभत नाहीं. त्या वहींतील जमा एकदां हुकली, कीं ती पुढच्या सालीं ओढतां येत नाहीं.