सहीपुरते पालक किती दिवस?

जून उजाडला की गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांची घंटा वाजते. शाळेच्या भिंतीवर शाळा व्यवस्थापन समितीचा फलक रंगवलेला असतो. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सदस्य अशी नावे त्यावर असतात आणि त्यात आपल्या वस्तीतल्या दोन-तीन मायमाउल्यांचीही नावे असतात. त्यांना जरा विचारून पाहा. समितीची शेवटची बैठक कधी झाली? कोणता ठराव झाला? शाळेला अनुदान किती आले आणि ते कशावर गेले? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळते. 'रजिस्टर घरी आलं होतं, सही केली.' कित्येकदा ती सहीही नवऱ्यानेच केलेली असते.

शाळेच्या कारभारातला आमचा सहभाग जर एवढाच असेल, तर दोष फक्त सरकारला देऊन चालणार नाही. आपल्यालाही काही प्रश्न विचारून घ्यावे लागतील.

१२ मार्च १९२७ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी सरकारपुढे एक आकडा ठेवला होता. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ मुले चौथीपर्यंत पोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेच्या खाईत जातात, हे त्यांनी दाखवून दिले. त्यानंतर अवघ्या आठ दिवसांनी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तळे सार्वजनिक होते, म्हणून त्यावर आमचा हक्क होता. सरकारी पैशाने चालणारी शाळाही सार्वजनिकच आहे. तळ्यावरचा हक्क आम्ही लढून घेतला. शाळेवरचा हक्क मात्र कायद्याने हातात दिला, तरी आम्ही तो उचलायला तयार नाही.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत. एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात. वंचित आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. शाळेच्या कामकाजावर देखरेख करणे, आलेल्या अनुदानाचा विनियोग तपासणे आणि शाळा विकास आराखडा तयार करणे ही या समितीची कामे आहेत. सरकारने शाळेसाठी करायच्या नियोजनाला आणि अनुदानाला हाच आराखडा आधार राहील, असे कलम २२ सांगते. म्हणजे शाळेला काय हवे हे लिहिण्याची लेखणी कायद्याने पालकांच्या हाती दिली आहे. ती लेखणी आम्ही सहीपुरती वापरतो.

आता दुसरी बाजू पाहू. आमच्या वस्त्यांत शिक्षकाविषयी बोलताना एक तक्रारीचा सूर असतो. गुरुजी वेळेवर येत नाहीत, शिकवत नाहीत, कागदच रंगवतात. यात काही ठिकाणी तथ्य आहेच. पण कागद रंगवायला त्यांना बसवले कोणी, हेही विचारले पाहिजे. लहान शाळेत दोन शिक्षक चार-पाच वर्ग सांभाळतात. त्यातला एक बैठकीला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला, की दुसऱ्यासमोर सगळी शाळा एका खोलीत बसते. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, तातडीचे अहवाल हे सगळे त्याच एका माणसाने करायचे. मग फळ्यासमोर उभे राहायचे कधी?

पैशाचा हिशेबही मांडून पाहा. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांनुसार ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये संयुक्त शाळा अनुदान ठरले आहे. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचे वर्ग वर्षात किमान २०० दिवस भरले पाहिजेत. म्हणजे दिवसाला ५० रुपये झाले. त्यात खडू, रजिस्टरे, शैक्षणिक साहित्य, किरकोळ दुरुस्ती, वीजबिल आणि स्वच्छता भागवायची. वीजबिल थकले म्हणून शाळेचा पुरवठा तोडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. अशा वेळी अनेक शिक्षक स्वतःच्या खिशात हात घालतात. त्याचा ना कोणी ठराव करते, ना कोणी मागणी पुढे पाठवते. शिक्षकाने एकट्याने मागणी केली, तर तो वरिष्ठांच्या नजरेत येतो. तीच मागणी समितीने ठराव करून पाठवली, तर ती गावाची मागणी ठरते. शिक्षकाला पालकांची खरी गरज आहे ती इथे. शिक्षकदिनी दिलेल्या शाल-नारळापेक्षा समितीचा एक ठराव त्याच्या जास्त कामाचा आहे.

मग पालकांनी शाळेसाठी वर्गणी गोळा करावी का? अलीकडे 'लोकसहभाग' हा शब्द फार वापरला जातो. बागायती गावात लोकसहभागातून शाळेला टीव्ही येतो, रंगरंगोटी होते, त्याचा सत्कारही होतो. पण ज्या शाळेत शेतमजुरांची, वीटभट्टीवरच्या कामगारांची, ऊसतोड मजुरांची मुले शिकतात, तिथला पालक वर्गणी कुठून आणणार? पट्टी मागून शाळा चालवायची ठरली, तर ज्याच्याकडे जमीन त्याची शाळा चांगली आणि ज्याच्याकडे नाही त्याची शाळा मोडकी, असाच निकाल लागेल. ही जुनीच वर्णव्यवस्था नव्या नावाने शाळेत शिरेल. भिंत, पाणी, शौचालय आणि शिक्षक देणे ही शासनाची जबाबदारी आहे. ती गरिबाच्या कनवटीवर टाकू देता कामा नये. गरीब पालकाकडे पैसा नाही, पण मत आहे, तोंड आहे, सही आहे. तीच त्याची वर्गणी.

ही वर्गणी कशी द्यायची? पहिली गोष्ट बैठकीच्या वेळेची. बैठक भर दुपारी ठेवली, तर मजुरी बुडवून कोण येणार? बैठक संध्याकाळी घ्या, असा ठरावच पहिल्या बैठकीत करावा. शिक्षकांनाही ते गैरसोयीचे असेल, तर बाजाराच्या दिवशी किंवा सुटीच्या दिवशी दोघांना जमेल अशी वेळ ठरवावी. दुसरी गोष्ट, अनुदान आले की त्याचा हिशेब बैठकीत मोठ्याने वाचून घ्यावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ऐकता येते. प्रामाणिक मुख्याध्यापकाला याची भीती नसते, उलट त्याच्यावरचा संशय दूर होतो.

तिसरी गोष्ट शिक्षकांच्या संख्येची. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार, असे प्रमाण कायद्याच्या अनुसूचीत दिले आहे. जागा रिकामी असेल, तर समितीने लेखी मागणी करावी आणि पोच घ्यावी. दाद लागली नाही, तर कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो. चौथी गोष्ट, कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. निवडणूक यादीचे काम सुटीच्या दिवशी आणि शिकवण्याची वेळ सोडून घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले आहे. हे नियम समितीला पाठ असतील, तर गुरुजींना वर्गातून उठवण्याआधी अधिकारी दोनदा विचार करील.

समिती जागी असली की काय होते, याचे उदाहरण ऊसतोडीच्या गावांतच आहे. दिवाळीच्या सुमारास आईबाप फडावर निघतात आणि मुलेही कोयत्यामागे जातात. अशा मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना शाळा व्यवस्थापन समित्यांमार्फत राबवली गेली. समितीने वेळेवर प्रस्ताव केला, जेवणावर नजर ठेवली, तर मूल शाळेत राहते आणि शिक्षकाचा वर्ग भरलेला राहतो. समिती झोपली, तर मूल फडावर जाते आणि पट गळतो. पट गळाला की शाळेवर गदा येते. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला, हे विसरू नका.

शिक्षकाची बाजू घ्यायची म्हणजे त्याच्या चुकांवर पांघरूण घालायचे नाही. झाडू मारायला, शौचालय धुवायला विशिष्ट मुलांनाच सांगितले जात असेल, आहाराच्या पंगतीत किंवा पाण्याच्या माठाजवळ भेद होत असेल, तर त्याच बैठकीत, त्याच रजिस्टरात त्याची नोंद झाली पाहिजे. साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाच्या मुलाला घरून आणलेल्या तरटावर वेगळे बसावे लागले होते. त्या काळात बापाला जाब विचारायला जागा नव्हती. आज ती जागा आहे. ज्या पालकाने शिक्षकासाठी ठराव केला, त्याच पालकाच्या जाब विचारण्याला वजन येते.

आपल्या वस्त्यांत जयंतीसाठी समिती होते. पावती पुस्तके निघतात, रात्र रात्र बैठका होतात, पै-पैचा हिशेब फलकावर लागतो. हे सगळे आपल्याला येते, कोणी शिकवावे लागत नाही. त्यातली निम्मी शिस्त शाळेच्या समितीत आणली, तरी जिल्हा परिषदेची शाळा बदलेल. बाबासाहेबांनी शिकायला सांगितले, ते आपण मुलांना सांगतो. संघटित व्हायलाही त्यांनीच सांगितले, ते मात्र शाळेच्या फाटकाबाहेर विसरतो.

म्हणून या महिन्यात रजिस्टर घरी आले, तर सही करू नका. 'मी बैठकीला येते, तिथेच सही करते,' एवढे सांगा आणि जा.