सतरावा खंड

पुरुषवेषातली तरुणी हा चिनी कथांचा फार लाडका विषय. बापाऐवजी लढाईला गेलेली मूलान घरी परतते, पुन्हा बाईचे कपडे घालते आणि ऐकणाऱ्यांचा जीव भांड्यात पडतो. हा सुटकेचा निःश्वास मला खटकतो, कारण हांगचौच्या चेन दुआनशेंगने तो टाकायला नकार दिला.

1751 साली जन्मलेल्या या मुलीने विशी गाठेपर्यंत ‘त्साइशेंग युआन’ या पद्यकथेचे सोळा खंड हातावेगळे केले होते. तिची नायिका मेंग लीजून नको असलेले लग्न चुकवायला पुरुषवेषात घर सोडते, राजपरीक्षेत पहिली येते आणि पंतप्रधान होते. तिचा वाग्दत्त वर तिच्याच हाताखालून परीक्षा उत्तीर्ण होतो, तिला गुरू म्हणून नमस्कार करतो. बाप त्याच दरबारात. सगळ्यांना संशय येतो, आणि ती सगळ्यांना तोंडावर नाकारते. का नाकारू नये? कबुली दिली की पद गेले. वर राजाला फसवल्याचा गुन्हा. त्या राजपरीक्षा 1905 मध्ये बंद झाल्या, तोवर बाईला त्यांचे दार उघडलेच नव्हते. वेष घेतल्यावाचून ती आत जाणार कशी?

सतराव्या खंडात तिला राजवाड्यात मद्य पाजतात आणि शुद्ध हरपल्यावर दासी तिचे बूट ओढून काढतात. आत लहानपणी बांधून आवळलेली पावले. इतकी वर्षे राज्याचा कारभार हाकला, त्याची साक्ष कोणी काढत नाही. पावले तेवढी पुरतात. सम्राटच तिला उपपत्नी करायला निघतो. ती रक्त ओकते.

इथे चेन थांबली. सोळा खंडांनंतर आई वारली, मग लग्न झाले, मुले झाली, परीक्षेतल्या एका प्रकरणात गोवला जाऊन नवरा सरहद्दीवर हद्दपार झाला. 1784 मध्ये तिने पुन्हा लेखणी उचलली ती या एका खंडापुरती. पुढे दहाबारा वर्षे ती जगली. कथेत भर पडली नाही.

संसाराने तिला वेळ दिला नाही, हे खरेच. पण मला वाटते, त्या समाजात लीजूनला ठेवण्याजोगी जागाच तिला सापडली नाही, आणि खोटी जागा तिने रंगवली नाही. ते काम नंतर लियांग देशेंग या कवयित्रीने केले. शेवटच्या तीन खंडांत लीजूनला माफी मिळते आणि ती त्याच वाग्दत्ताच्या तीन बायकांतली एक होते. 1950 च्या दशकात, दृष्टी गेलेले इतिहासकार चेन यिन्क यांनी ही कथा दुसऱ्याकडून वाचून घेतली आणि तिच्या कर्तीच्या स्वतंत्र बुद्धीवर दीर्घ निबंध लिहिला. तरी रंगमंचावर आणि पडद्यावर बहुधा लग्नाचाच शेवट चालतो. नाटकवाल्यांनी एकदा तरी सतराव्या खंडाशी पडदा पाडावा.