बोलून का होते?

उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपानाचा हंगाम सुरू झाला की सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरीकडून वाघाने माणूस मारल्याची बातमी येतेच. वनखात्याचे लोक येतात, पंचनामा होतो, मदतीचा धनादेश निघतो. ते व्हायलाच हवे. पण त्या दिवशी सोबत पाने तोडणारी जी बाई जीव घेऊन पळत घरी आली, तिला पुढे महिनोन्महिने झोप लागत नाही, रानाकडे पाय वळत नाही, चुलीपुढे बसल्या बसल्या छाती धडधडते. तिचा पंचनामा कोणत्या वहीत होतो?

शेतकरी बंधूंनो, हे केवळ वाघाच्या गावांचे दुखणे नाही. धानावर तुडतुडा पडला, सोसायटीचे कर्ज थकले, पोरीचे लग्न मोडले, आणि घरचा कर्ता माणूस हळूहळू गप्प होतो. पहाटे तीनलाच जाग येते, जेवण गोड लागत नाही, बांधावर जायला उठवत नाही. आरोग्य केंद्रात गेला तर सांगतो काय? ‘कंबर दुखते, कमजोरी वाटते.’ मग सुई मिळते, ताकदीच्या गोळ्या मिळतात, आणि खरे दुखणे आहे तिथेच राहते. घरचे म्हणतात, टेन्शन घेऊ नको. जणू तो ते बाजारातून घेऊन आला!

बंगलोरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपल्या शेजारचे छत्तीसगड होते. दर 10 प्रौढांमागे साधारण एकाला मनाचा काही ना काही आजार असल्याचे दिसले. उदासी, भीती, धास्ती असे नेहमी आढळणारे आजार असलेल्या 100 जणांपैकी 85 जणांना कोणताच उपचार मिळालेला नव्हता. याला डॉक्टरांची कमतरता कारण आहेच. शिवाय मनाचा आजार म्हटला की आपल्याला एकदम नागपूरचे मनोरुग्णालय आठवते, आणि त्या धास्तीने माणूस तोंडच उघडत नाही. वास्तविक यातल्या बहुतेकांना तिथे जाण्याची गरज नसते. पुष्कळांचे काम बोलण्याच्या उपचाराने होते.

‘बोलून का होते, बाप्पा?’ असे पारावर कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. बोलण्याचा उपचार म्हणजे उपदेश नव्हे, तो तर फुकटात गावभर मिळतो. समुपदेशक आधी ऐकून घेतो. मग विचारतो, पूर्वी काय करत होता आणि आता काय सोडले? उदास माणूस भजन सोडतो, बाजार सोडतो, शेजाऱ्याकडे बसणे सोडतो, आणि जितके सोडतो तितका आणखी खचतो. म्हणून एकच लहान काम ठरवायचे. सकाळी बैलांना पाणी दाखवायचे, एवढेच. पुढच्या बैठकीत ते जमले का पाहायचे, नाही जमले तर का, ते शोधायचे. कर्जाचा डोंगर असेल तर त्याचे तुकडे पाडून पहिला तुकडा कुठे न्यायचा ते ठरवायचे.

गोव्यातील 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे करून पाहिले गेले. बोलणारे डॉक्टर नव्हते, काही आठवडे शिकवून तयार केलेली साधी माणसे होती. बैठका सहा ते आठ. बऱ्यापैकी तीव्र उदासीने ग्रासलेल्यांपैकी तीन महिन्यांनी 100 पैकी 64 जण त्यातून बाहेर आले. ज्यांना या बैठका मिळाल्या नाहीत, त्यांच्यात हे प्रमाण 39 होते. हा निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाला. गोवा दूर वाटत असेल तर अमरावती जिल्हा घ्या. तिथे 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातच बैठका घेतल्या, गावातलेच कार्यकर्ते तयार केले, ज्यांना गरज होती त्यांना डॉक्टरांपर्यंत पोचवले. उदासीने आजारी असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी 100 मागे चार होते, दीड वर्षात 27 झाले.

आणि साध्या माणसाला शिकवून आरोग्याचे काम होते, हे आपल्याला इतरांनी सांगायला नको. ते गडचिरोलीनेच जगाला दाखवले. 1995 ते 1998 या काळात ‘सर्च’च्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत गावच्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. बाळासाठी जे जमले ते मनासाठी का जमू नये? राज्य शासनाने 2015 मध्ये शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प आणला तो 14 जिल्ह्यांसाठी. त्या यादीत चंद्रपूर नव्हते, गडचिरोलीही नव्हते. आत्महत्यांचा आकडा मोठा झाल्यावरच मदत यावी, हा हिशेब आम्हाला पटत नाही.

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांच्या हातात मात्र आजही काही आहे. उपकेंद्रांत जे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले आहेत, त्यांच्या कामांच्या यादीत मानसिक आरोग्य आहे. ते किती जणांशी बोलले, हे ग्रामसभेत विचारा. बैठकीला बंद दाराची खोली द्या. ग्रामपंचायतीच्या ओसरीवर कोणी मन मोकळे करणार नाही. लहान गावात भिंतीलाही कान असतात, तेव्हा समुपदेशक शेजारच्या गावचा असलेला बरा. 2022 पासून 14416 हा फुकट फोन क्रमांक रात्रंदिवस चालू आहे, तो शाळेच्या व सोसायटीच्या भिंतीवर रंगवा. जीव द्यायचे बोलणारा, कानात आवाज येतात म्हणणारा माणूस मात्र बैठकीची वाट पाहत ठेवू नका, त्याला एकटे न सोडता थेट जिल्हा रुग्णालयात न्या. पोलिसांच्या भीतीने लपवालपवी नको. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा मे 2018 पासून लागू आहे. जीव देण्याचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता, असेच तो धरून चालतो.

पुजाऱ्याकडे जाणाऱ्याला कोणी हिणवू नये. तिथे निदान ऐकून घेतात, आणि पुजाऱ्यानेच ‘उपकेंद्रातही जाऊन ये’ म्हटले तर त्याचे वजन आपल्या भाषणापेक्षा जास्त पडेल.

राहता राहिला भाषेचा प्रश्न. भामरागड, एटापल्लीच्या गावांत फोनला रेंज मिळाली तरी माडियात रडणाऱ्या बाईला मराठीत धीर देऊन काय उपयोग? या तालुक्यांत समुपदेशक नेमताना माडिया किंवा गोंडी बोलता येणे, ही अट जाहिरातीतच घातली पाहिजे, आणि तसा ठराव येत्या ग्रामसभेत घेऊन जिल्हा परिषदेकडे पाठवता येईल.