शब्दकोशाच्या पोटी जन्मलेला दफ्तरखाना

१/
कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील वॉटर्लू येथे ‘ओपनटेक्स्ट’ या कंपनीचे मुख्यालय आहे. जगभरातील सरकारी खाती, बँका, विमा कंपन्या आणि औषधनिर्माते आपले दस्तऐवज तिच्या प्रणालींत ठेवतात. मात्र या कंपनीचा जन्म कोणत्याही कचेरीच्या गरजेतून झाला नाही. तो एका शब्दकोशामुळे झाला. शब्दकोशापासून दफ्तरखान्यापर्यंतचा हा प्रवास इतिहासप्रेमींनी नीट समजून घ्यावा असा आहे. उद्याच्या इतिहासाची साधने कोणाच्या कुलपात पडून राहणार, हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

२/
प्रारंभ १८५७ मध्ये. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत नव्या इंग्रजी कोशाची कल्पना मांडली गेली. १८७९ मध्ये जेम्स मरे संपादक झाले. स्वयंसेवक वाचक पुस्तके चाळीत, शब्द आणि त्याचे अवतरण चिठ्ठीवर उतरवीत आणि ती मरे यांच्याकडे धाडीत. त्या चिठ्ठ्यांसाठी मरे यांनी ऑक्सफर्डमधील आपल्या बागेत पत्र्याची खोली उभारली. तिच्यात हजाराहून अधिक खण होते. कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, अखेरचा १९२८ मध्ये. चिठ्ठी, खण आणि कोणती चिठ्ठी कोठे आहे हे जाणणारी माणसे: दस्तऐवज व्यवस्थापनाचे सारे सार त्या खोलीत होते.

३/
१९८४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने हा कोश संगणकावर आणण्याचे काम हाती घेतले. अमेरिकेत १२० हून अधिक टंकलेखकांनी सुमारे ३५ कोटी अक्षरे टंकित केली. ५५ मुद्रितशोधकांनी ती इंग्लंडमध्ये तपासली. आयबीएमने संगणक आणि माणसे पुरवली. वॉटर्लू विद्यापीठाकडे वेगळेच कोडे आले: एवढ्या प्रचंड मजकुरात हवे ते शोधायचे कसे?

४/
त्यापूर्वी एक निर्णय झाला होता आणि पुढच्या सर्व इतिहासाचे बीज त्यातच आहे. छापील पानावर शब्द ठळक असतो, व्युत्पत्ती कंसात असते, अवतरण बारीक टायपात असते. टंकित करताना मजकुराभोवती खुणा घालण्यात आल्या आणि त्यांतून ‘हा मूळ शब्द’, ‘ही व्युत्पत्ती’, ‘हे अवतरण’, ‘हे त्याचे वर्ष’ अशी प्रत्येक घटकाची ओळख नोंदवली गेली. मजकूर कसा दिसतो यापेक्षा तो काय आहे, याला महत्त्व मिळाले. या खुणा साध्या अक्षरांतच होत्या. त्या वाचायला कोणत्याही विशिष्ट यंत्राची गरज नव्हती.

५/
शोधाचे कोडे गॅस्टन गोने, फ्रँक टोम्पा आणि टिम ब्रे यांच्या चमूने सोडवले. त्यांच्या ‘पॅट’ या शोधयंत्राने संपूर्ण कोश ही एकच लांब ओळ मानली. प्रत्येक शब्दाच्या आरंभापासून ओळीच्या शेवटापर्यंतचा मजकूर म्हणजे एक नोंद. अशा सर्व नोंदींची स्थाने वर्णानुक्रमे लावायची. मग शोध म्हणजे कोश मधोमध उघडून ‘शब्द अलीकडे की पलीकडे’ हे पाहणे, आणि उरलेल्या अर्ध्या भागात पुन्हा तेच. दहा कोटी स्थाने असली तरी २७ पावलांत उत्तर हाती येते.

६/
कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये वीस खंडांत प्रकाशित झाली. काम संपले, परंतु यंत्र उरले. प्रचंड मजकूर केवळ कोशकारांकडेच नसतो, हे वॉटर्लूच्या मंडळींना उमगले होते. १९९१ मध्ये विद्यापीठाच्या त्या प्रकल्पातून कंपनी निघाली. नाव ठेवले ‘ओपन टेक्स्ट’, म्हणजे खुला मजकूर. हे नाव वाचकाने ध्यानात ठेवावे.

७/
पुढे महाजालाचा पूर आला. १९९५ मध्ये ओपन टेक्स्टने महाजालावरील पानांची सूची सुरू केली. नवजात याहूने आपल्या शोधासाठी तीच वापरली. १९९६ मध्ये कंपनीने पैसे भरणाऱ्यांना शोधाच्या निकालात वरची जागा विकण्याचा प्रयोग केला. त्यावर टीकेची झोड उठली आणि प्रयोग आवरावा लागला. त्याच वर्षी याहूने अल्टाव्हिस्टाची वाट धरली. शोधाच्या बाजारातील ही पीछेहाट कंपनीला मात्र फळली.

८/
१९९५ मध्येच तिने अमेरिकेतील ओडेस्टा ही छोटी कंपनी घेतली होती. त्यातून ‘लाइव्हलिंक’ आकारास आले: कचेरीचे दफ्तर ब्राउझरमधून चालवणारी प्रणाली. जगासाठी खुला शोध मागे पडला आणि संस्थेच्या भिंतीआडचा दफ्तरखाना हाच धंदा झाला. खुल्या मजकुराच्या कंपनीने बंद दारांची राखण पत्करली. यात विश्वासघात नव्हता. दाम देणारे गिऱ्हाईक तिकडे होते.

९/
अशी प्रणाली नेमके काय करते? इतिहासाच्या अभ्यासकाला अस्सल आणि नक्कल यांतील भेद निराळा शिकवावा लागत नाही. ही प्रणाली तोच भेद सांभाळते. एकाने कागद दुरुस्तीसाठी घेतला की इतरांसाठी तो अडवला जातो. परत ठेवला की नवी आवृत्ती नोंदली जाते आणि जुनीही जपली जाते. कोणी, केव्हा, काय उघडले, याचीही नोंद राहते. जुन्या कचेरीत हे काम दफ्तरदार आणि त्याचे कारकून करीत. येथे ते यंत्र करते, आणि यंत्र कंटाळत नाही.

१०/
या क्षेत्रात ओपन टेक्स्ट एकटी नव्हती. १९८२ मध्ये स्थापन झालेली कॅलिफोर्नियातील फाइलनेट कागदांच्या प्रतिमा प्रकाशीय तबकड्यांवर साठवीत होती. १९९० मध्ये हॉवर्ड शाओ आणि जॉन न्यूटन यांनी झेरॉक्सच्या पाठबळावर डॉक्युमेंटम स्थापन केली. विमानांची जाडजूड माहितीपुस्तके आणि औषधांच्या परवान्यांची बाडे हे तिचे क्षेत्र. तोवर ही सोय होती. सोयीचे सक्तीत रूपांतर व्हायला एक घोटाळा कारण ठरला.

११/
२००१ च्या डिसेंबरात एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. तिचे लेखापरीक्षक आर्थर अँडरसन यांनी एन्रॉनचे कागद यंत्रात घालून नष्ट केल्याचे उघड झाले. २००२ मध्ये झालेली त्यांची दोषसिद्धी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रद्द केली, पण तोवर ती पेढी संपली होती. २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने तपासात अडथळा आणण्यासाठी दस्तऐवज नष्ट करणाऱ्यास वीस वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद केली. कागद जपणे आता संचालकांच्या गळ्याशी आले.

१२/
येथे एक मेख आहे. कायदा कागद जपायला सांगतो तो ठराविक मुदतीपुरता. म्हणून या प्रणालींत प्रत्येक दस्तऐवजाला एक घड्याळ बांधलेले असते: इतकी वर्षे राखा, मग रीतसर नष्ट करा. संस्थेच्या दृष्टीने हे योग्यच; मुदतीपलीकडे ठेवलेला कागद म्हणजे खर्च आणि कोर्टातील धोका. इतिहासाची दृष्टी नेमकी उलटी. पन्नास वर्षांनी कोणता कागद बोलका ठरेल, हे आज कोणालाच सांगता येत नाही. दस्तऐवज व्यवस्थापन म्हणजे अभिलेखागार नव्हे; दोहोंची गल्लत करणारी संस्था आपला इतिहास वेळापत्रकानुसार पुसून टाकत असते.

१३/
दुसरा धोका मालकीचा. २००३ नंतर या धंद्यात गिळंकृत करण्याचे पर्व आले. डॉक्युमेंटम ईएमसीने घेतली, फाइलनेट २००६ मध्ये आयबीएमने. ओपन टेक्स्टने जर्मनीची इक्सोस घेतली, २००६ मध्ये कॅनडाचीच हमिंगबर्ड घेतली. ईएमसी डेलच्या पोटात गेल्यावर २०१७ मध्ये सुमारे १६२ कोटी डॉलरना डॉक्युमेंटम ओपनटेक्स्टकडे आली. कालचे प्रतिस्पर्धी एकाच घराण्याचे झाले. २०२३ मध्ये मायक्रो फोकस ही ब्रिटिश कंपनीही त्याच घरात दाखल झाली.

१४/
एका उत्पादनाची वंशावळ पुरेशी बोलकी आहे. १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा येथे टॉवर सॉफ्टवेअर ही कंपनी स्थापन झाली. तिची ‘ट्रिम’ ही नोंदव्यवस्था तेथील सरकारी खात्यांत रुळली. २००८ मध्ये टॉवर एचपीने घेतली. २०१५ मध्ये एचपीचे दोन तुकडे झाले, २०१७ मध्ये ती मायक्रो फोकसकडे गेली आणि २०२३ मध्ये ओपनटेक्स्टकडे. मालक बदलले, नावेही बदलली. त्यात साठवलेल्या नोंदी मात्र लोकांच्या होत्या, आणि या खरेदी-विक्रीत त्या लोकांना कोणीही विचारले नाही.

१५/
न्यायाची बाजूही मांडली पाहिजे. जुनी प्रणाली विकत घेणारा तिची देखभाल करतो. न घेतली असती तर ती निराधार होऊन बंद पडण्याची शक्यता अधिक. अनेक संस्थांचे जुने दस्तऐवज आज उघडतात ते या खरेदीमुळेच. ओपनटेक्स्टला खलनायक ठरवणे हा उथळपणा होईल. दोष कंपनीचा नाही. प्रणाली विकत घेतली म्हणजे दस्तऐवज सुरक्षित झाला, ही समजूत घातक आहे.

१६/
मराठी वाचकाला हे एका उदाहरणाने पटेल. मोडी लिपीतील कागद शाबूत असला तरी वाचणारा नसेल तर तो मुका राहतो. तरीही मोडीला मालक नव्हता. जो शिकेल त्याची ती लिपी. म्हणून तिचा व्यवहारातील वापर संपल्यावरही अभ्यासकाला ती शिकून दफ्तरे उघडता येतात. एखाद्या कंपनीचे गुप्त साठवण-स्वरूप म्हणजे मालक असलेली लिपी होय. मालकाने शिकवायचे थांबवले की ती शिकणेच दुरापास्त होते. कागद कुजलेला नसतो, शाई उडालेली नसते, तरीही वाचन संपते.

१७/
सुटकेची वाटही याच कहाणीत आहे. कोशाच्या प्रकल्पात काम केलेले टिम ब्रे पुढे एक्सएमएल या मानकाच्या संपादकांपैकी एक झाले. १० फेब्रुवारी १९९८ रोजी ते मानक प्रसिद्ध झाले. मजकुराभोवती अर्थ सांगणाऱ्या खुणा, साध्या अक्षरांत आणि सर्वांसाठी खुल्या: कोशात रुजलेली हीच कल्पना तेथे जगभर लागू झाली. एक्सएमएलचा पाया युनिकोड असल्याने देवनागरीही त्यात पहिल्या दिवसापासून सामावली. २००७ पासूनच्या वर्डची फाईल आतून एक्सएमएलच असते. मराठीत टंकित केलेल्या आजच्या साध्या अर्जातही त्या विचारपरंपरेचा अंश आहे.

१८/
धंद्यातील जाणत्यांनाही हे उमगले. डॉक्युमेंटमचे सहसंस्थापक न्यूटन यांनी २००५ मध्ये अल्फ्रेस्को ही मुक्त स्रोतावर आधारित कंपनी काढली. २०१० मध्ये सीएमआयएस हे मानक संमत झाले. निरनिराळ्या कंपन्यांच्या दफ्तरांना एकमेकांशी बोलता यावे, हा त्याचा हेतू. ज्यांनी कुलपे बनवली, त्यांनीच सामायिक किल्लीची गरज मान्य केली.

१९/
आणि तो शब्दकोश? १९९२ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती सीडीवर आली, २००० मध्ये कोश महाजालावर आला. संगणक बदलले, तबकड्या गेल्या, पॅट यंत्रही मागे पडले. त्या टंकलेखकांनी टंकित केलेला मजकूर मात्र नव्या नव्या घरांत सुखरूप पोहोचत राहिला, कारण त्याच्या खुणा त्याच्याबरोबर होत्या आणि त्या वाचायला कोणाच्या परवान्याची गरज नव्हती. जे यंत्र कंपनीने विकले ते अल्पायुषी ठरले. जी शिस्त तिने वारशात घेतली ती दीर्घायुषी.

२०/
म्हणून सार्वजनिक पैशातून दफ्तरे संगणकात नेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला, पालिकेला, न्यायालयाला तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. दस्तऐवज त्याच्या सर्व आवृत्त्या आणि नोंदींसह खुल्या स्वरूपात बाहेर काढता येतो का? तो प्रत्यक्ष काढून, दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिला आहे का? आणि मुदत संपल्यावर काय नष्ट करायचे, हे ठरवताना अभिलेखपालाचा शब्द घेतला जातो का?

२१/
हे प्रश्न करारावर सही होण्यापूर्वी विचारायचे असतात. मालक बदलल्यानंतर ते केवळ हळहळ उरतात. मरे यांच्या पत्र्याच्या खोलीतील चिठ्ठी आजही कोणालाही वाचता येते. आजच्या कचेरीतील फाईलबद्दल शंभर वर्षांनंतर तेच म्हणता यावे, एवढीच अपेक्षा आहे. ‘खुला मजकूर’ हे नाव एका कंपनीने घेतले; ती अट म्हणून घालणे हे समाजाचे काम आहे.