आग्रहाचा घास

वर्गाच्या झरोक्यातून चिमणीचे पिल्लू खाली पडले, की आपल्यातले दयाळू लोक कँटीनकडे धावतात आणि त्याच्या घशात दूध-पाव कोंबतात. याला भूतदया म्हणायला मी तयार नाही.

दूध पक्ष्यांना पचत नाही. चोचीत ओतलेले पाणी जिभेच्या मुळाशीच उघडणाऱ्या श्वासनलिकेत शिरते आणि पिल्लू गुदमरते. शिवाय आपल्याला पाहुण्याला आग्रह करण्याची सवय! गावाकडे कोंबडीचे पिल्लू स्वतः टिपते, पुरे झाले की थांबते. चिमणीचे पिल्लू जवळ काही हलले तरी चोच उघडते. तेवढ्यावरून ते भुकेले ठरत नाही. गळ्याशी अन्नाचा फुगवटा दिसला, की हात आवरावा. तो ओसरल्यावरच पुढचा घास, तोही उकडलेल्या अंड्याच्या कणाएवढा. अंग गार असेल तर आधी ऊब द्यावी. गारठलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही.

खरे तर हे सारे नाइलाजाचे उपाय. माणसाचा हात लागला की चिमणी पिल्लू टाकते, ही समजूत खोटी आहे. घरटे शाबूत असेल तर पिल्लू परत तिथेच ठेवावे. शिडी ग्रंथालयामागे असते. शिपाईमामा मागितली की देतात.