शौकिनाची कोरी वही

शंकरपटाचा विषय निघाला कीं आमच्याकडे दोन पक्ष तत्काळ उभे राहतात. एक म्हणतो, हा मुक्या जनावरांचा निव्वळ छळ आहे. दुसरा म्हणतो, ही आमची परंपरा आहे. पहिल्या पक्षानें बहुधा पट पाहिलेला नसतो. दुसऱ्यानें पाहिलेला असतो, परंतु त्याच्याजवळ पाहिल्याचा एका ओळीचाहि पुरावा नसतो. या दोघांच्या भांडणांत तिसरा एक मनुष्य विसरला जातो. तो म्हणजे पटाच्या कडेला उन्हांत तासन् तास उभा राहणारा शौकीन. प्रस्तुत लेखाचा रोख त्याच्यावर आहे. पट बंद पडला तेव्हां सर्वांत अधिक हळहळला तो हाच, आणि पुन्हां सुरू झाला तेव्हां सर्वांत मोठ्यानें ओरडला तोहि हाच. पण हळहळणें आणि ओरडणें यांपलीकडे आपलें कांहीं कर्तव्य आहे, हें त्याच्या गांवींहि नाहीं. पट जगावयाचा असेल तर त्याच्या शौकिनानें साक्षीदार झालें पाहिजे. म्हणजेच हातांत वही घेतली पाहिजे. एवढेंच आमचें म्हणणें आहे. तें साधें दिसतें, परंतु त्यावांचून परंपरेच्या नांवानें चाललेला सारा घोष पोकळ आहे.

पुण्या-साताऱ्याकडे जिला बैलगाड्याची शर्यत म्हणतात, तिचें विदर्भांतलें भावंड म्हणजे शंकरपट. वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यांत केनवड म्हणून गांव आहे. केनवडसारख्या गांवांत सोयाबीन घरीं आलें, तूर उभी असली आणि हिंवाळ्याचीं उन्हें कोवळीं झालीं, कीं पुष्कळांचे कान कोठें पट भरतो इकडे लागतात. सरळ आखलेली धांवपट्टी, हलकी छकडी, तिला जुंपलेली बैलांची जोडी आणि वर एकटा धुरकरी, एवढीच त्याची सामग्री. कांहीं पटांत दोन जोड्या शेजारीं-शेजारीं सुटतात, कांहींत एकेक जोडी घड्याळावर धांवते. अमरावती जिल्ह्यांतील तळेगांव दशासर येथील पट तर साऱ्या विदर्भांत नांवाजलेला आहे. तेथें स्त्रियाहि धुरकरी होऊन छकडीवर चढल्या आहेत.

या कांहीं सेकंदांच्या धांवेमागें शौकिनाचें केवढें ज्ञान उभें असतें! बैलाची मान, खांदा, खुरांची ठेवण, उभें राहण्याची ढब पाहून जोडी कशी सुटेल याचा तो अंदाज बांधतो. कोणता बैल उजवीकडे चांगला चालतो आणि कोणता डावीकडे, कोणता गर्दीला बुजतो, कोणता निम्म्या वाटेवर दम सोडतो, हें त्याला तोंडपाठ असतें. पण हें सारें ज्ञान त्याच्या तोंडांतच राहतें आणि त्याच्याबरोबर स्मशानांत जातें. वीस वर्षांपूर्वी कोणत्या पटांत कोणती जोडी पहिली आली, किती अंतर होतें, किती वेळ लागला, हें विचारावें, तर एकाच पारावर तीन म्हाताऱ्यांकडून तीन उत्तरें मिळतात, आणि तिन्हीं शपथेवर!

यांत बिघडलें काय, असें कोणी विचारील. काय बिघडलें हें पाहण्यासाठीं गेल्या कांहीं वर्षांचा इतिहास थोडक्यांत आठवूं. २०११ सालीं केंद्र सरकारनें, ज्या प्राण्यांना खेळासाठीं शिकवितां किंवा प्रदर्शनांत आणतां येत नाहीं, अशांच्या यादींत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तामिळनाडूंतील जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रांतील बैलगाड्यांच्या शर्यतींवरहि बंदी घातली आणि परंपरेचा युक्तिवाद फेटाळून लावला. २०१७ सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें कायद्यांत दुरुस्ती केली, परंतु मुंबई उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळें ती अडून राहिली. १६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तात्पुरती परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें ती दुरुस्ती वैध ठरविली.

या शेवटच्या निकालाचा आनंद सर्वांनीं केला. तो वाचला मात्र फारच थोड्यांनीं. जल्लिकट्टूचा विचार करतांना घटनापीठानें म्हटलें कीं, असा खेळ एखाद्या प्रांताच्या संस्कृतीचा अविभाज्य भाग आहे कीं नाहीं हें ठरविण्यास सखोल धार्मिक, सामाजिक व सांस्कृतिक अभ्यास लागतो. तो न्यायालयानें करण्याजोगा नाहीं. विधिमंडळानें तसा निर्णय घेतला असेल, तर न्यायालय त्यांत हात घालणार नाहीं. म्हणजे आमची परंपरा न्यायालयांत सिद्ध झाली असें नव्हे. ती विधिमंडळाच्या शब्दावर मान्य झाली. विधिमंडळें बदलतात, त्यांचीं मतेंहि बदलतात. उद्यां कोणी खरोखरच अभ्यासाला बसला आणि त्यानें विदर्भाच्या पटाचीं कागदपत्रें मागितलीं, तर आम्ही त्याच्यापुढें काय ठेवणार? निमंत्रणपत्रिका, ढालींवरचीं नांवें आणि पारावरच्या त्या तीन शपथा!

नोंदी ठेवण्याचा हा आग्रह कोणास पंतोजीगिरी वाटेल. म्हणून शौकीन कसा असूं शकतो याचें एक दूरचें उदाहरण देतों. इंग्लंडांत स्पीडवे नांवाची मोटारसायकलींची शर्यत आहे. तिचा उगम ऑस्ट्रेलियांतला. इंग्लंडांतील तिचा इतिहास १९ फेब्रुवारी १९२८ रोजीं एपिंगच्या अरण्यांतील हाय बीच येथें झालेल्या शर्यतीपासून मोजतात. मातीचें लंबगोल रिंगण, एका वेळीं चार स्वार, चार फेऱ्या. गाडीला ब्रेक नाहीं, गिअर एकच. वळणावर मागचें चाक घसरवीत न्यावयाचें आणि मिनिटाभरांत निकाल. हाहि मातीचाच खेळ, आणि त्याचा शौकीनहि आमच्यासारखाच साधा, कष्टकरी मनुष्य. फरक एवढाच कीं, हा मनुष्य मैदानांत शिरतांना एक छापील पत्रिका विकत घेतो आणि पेन्सिल घरून आणतो. पत्रिकेंत प्रत्येक शर्यतीसाठीं रिकामे चौकोन असतात. पहिल्यास तीन गुण, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास एक, चौथ्यास शून्य. कोण पडला, कोणाची गाडी बंद पडली, वेळ किती लागला, हें तो स्वतःच्या हातानें त्या चौकोनांत भरीत जातो. बाप भरतो तें पाहून मुलगा भरूं लागतो. अशा पत्रिकांच्या थप्प्या कित्येक घरांतून जपलेल्या असतात.

कोणी म्हणेल, त्या पत्रिकांनीं तेथला खेळ वांचला काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर गोड नाहीं. वेम्बलीच्या प्रचंड क्रीडांगणावर १९३६ सालीं या खेळाची पहिली जागतिक अंतिम स्पर्धा झाली, आणि १९८१ सालीं तेथली शेवटची. मँचेस्टरमधील हाइड रोडचें जुनें मैदान १९८७ सालीं गेलें. पीटरबरो आणि वुल्व्हरहॅम्प्टन येथील शर्यती २०२३ सालीं थांबल्या. जमिनीची किंमत वाढली कीं मैदान मरतें. तेथें पेन्सिलीचें कांहीं चालत नाहीं. पण कॉव्हेंट्रीची हकीकत पाहा. तेथल्या ब्रँडन मैदानावरील शर्यती २०१६ नंतर बंद पडल्या, आणि त्या जागीं घरें बांधण्याची योजना पुढें आली. शौकिनांनीं संघटना करून वर्षानुवर्षें तिला विरोध केला, आणि २०२२ सालीं रग्बीच्या स्थानिक मंडळानें त्या योजनेस परवानगी नाकारली. ज्यांची शर्यत बंद पडून सहा वर्षें झालीं, ते लोक अजून त्या मातीवर हक्क सांगत होते. स्वतःच्या हातानें लिहिलेला भूतकाळ ज्याच्या कपाटांत असतो, त्याच्या अंगीं असा चिवटपणा येतो. नुसत्या आरोळीची आठवण इतकी वर्षें पुरत नाहीं.

आतां खरा मुद्दा. स्पीडवेच्या गाडीला वेदना नसते, आणि तिच्यावरचा स्वार स्वखुषीनें जीव धोक्यांत घालतो. पटांत धांवणाऱ्या बैलाला कोणी विचारलेलें नसतें. म्हणून त्या इंग्रज शौकिनाची नोंद हा छंद असेल, परंतु आमच्या शौकिनाची नोंद हें ऋण आहे. कायद्यानें अटी घातल्या आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. धांवपट्टी एक हजार मीटरांहून लांब असतां कामा नये. काठी, चाबूक, पराणी यांचा वापर निषिद्ध आहे. पशुवैद्याची तपासणी हवी. या अटी पाळल्या गेल्या कीं नाहीं, हें पाहणारे सरकारी डोळे दोन-चार. शौकिनांचे डोळे हजारों. ज्यानें हजारों डोळ्यांनीं पाहिलें आणि एकाहि हातानें लिहिलें नाहीं, त्यानें 'आमच्याकडे बैलाला पोटच्या पोराप्रमाणें वागवितात' असें म्हणावें, आणि प्रतिपक्षानें त्यावर विश्वास ठेवावा, ही अपेक्षाच हास्यास्पद आहे. पोराप्रमाणें वागविणारे पुष्कळ आहेत, हें आम्हांस ठाऊक आहे. पण पराणी टोचणारेहि आहेत, हें शौकिनासहि ठाऊक आहे. आणि तो गप्प बसतो. त्याच्या या मौनामुळेंच प्रेमानें बैल सांभाळणारा आणि बैलाला रक्तबंबाळ करणारा हे दोघेहि जगाच्या दृष्टीनें एकाच मापानें मोजले जातात.

'हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल आहे, सर्व कांहीं चित्रित होतें, मग वही कशाला?' असा आक्षेप तरुण मंडळी घेतील. पण चित्रफीत आणि नोंद यांत महदंतर आहे. चित्रफीत जिंकणाऱ्या जोडीची काढतात; जी जोडी वाटेंत बसली, ज्या बैलाचा पाय मुरगळला, तिकडे कॅमेरा वळत नाहीं. चार दिवस ती फीत हातोहात फिरते आणि पांचव्या दिवशीं नव्या फितीखालीं गाडली जाते. तिच्यावर ना गांवाचें नांव, ना तारीख, ना अंतर. जेथें हरलेल्याचीहि ओळ असते, तीच खरी नोंद.

पटामुळें जातिवंत बैल टिकतात, असाहि एक दावा वारंवार ऐकूं येतो. तो महत्त्वाचा आहे, कारण ट्रॅक्टर आल्यापासून पुष्कळ दावणी रिकाम्या झाल्या आहेत. वर्धा-नागपुराकडचा गवळाऊ बैल चपळाईसाठीं प्रसिद्ध; पश्चिम महाराष्ट्राचा खिल्लार तर शर्यतीचाच बैल म्हणून ओळखला जातो. पण आमच्या पटांतून गवळाऊ किती धांवतात, खिल्लार किती, संकरित किती. गेल्या दहा वर्षांत हें प्रमाण वाढलें कीं घटलें. धांवणें थांबल्यावर त्या बैलाचें पुढें काय होतें, या प्रश्नांना उत्तर कोठें आहे? ज्या दाव्यानें पट खरोखर वांचूं शकेल, तोच दावा आम्ही नोंदीवांचून लंगडा करून ठेवला आहे.

आतां सुशिक्षित वाचकांकडे वळूं. वाशीम, अकोला, अमरावती येथील कित्येक मध्यमवर्गीय घरें एका पिढीपूर्वी शेताच्या बांधावर होतीं. तान्ह्या पोळ्याला मुलांच्या हातीं लाकडी बैल देऊन ओवाळावयाचें, आणि खऱ्या बैलांचा पट हा अडाण्यांचा धिंगाणा म्हणून त्याकडे पाठ फिरवावयाची, ही रीत आम्हांस शिष्टपणाची वाटते. ज्याला लिहितां येतें तोच निघून गेला, तर नोंद ठेवावी कोणी? पट वाईट आहे असें ज्यांचें मत असेल, त्यांनींहि जावें आणि वाईट तें तारीखवार लिहावें. आरोपालाहि पुरावा लागतो. पट चांगला आहे असें ज्यांना वाटतें, त्यांना तर जाण्यावांचून गत्यंतरच नाहीं.

आमची मागणी फार मोठी नाहीं. पुढच्या हंगामांत केनवडच्या, रिसोडच्या, मालेगांवच्या एका तरी शौकिनानें दहा-वीस रुपयांची वही बरोबर घ्यावी. गांव, तारीख, धांवपट्टीचें अंतर. प्रत्येक जोडीची जात, वय आणि लागलेला वेळ. पराणी दिसली कीं नाहीं, पशुवैद्य होता कीं नव्हता, बैलांना सावली आणि पाणी होतें कीं नव्हतें, कोणास दुखापत झाली काय, एवढेंच लिहावें. बक्षिसाचा आंकडा लिहिला नाहीं तरी चालेल. तो ध्वनिक्षेपकावरून दिवसभर ऐकूं येतच असतो. वही भरली कीं गांवच्या वाचनालयांत ठेवावी. अशा दहा वह्या दहा वर्षें भरल्या, तर त्यांतून पटाची कीर्ति निघेल किंवा त्याचा दोष निघेल. जें निघेल तें सोसण्याची तयारी शौकिनानें ठेवली पाहिजे. जो खेळ स्वतःच्या शौकिनांच्या वहीला भितो, त्यानें न्यायालयांत पुन्हां कधीं परंपरेचें नांव घेऊं नये.